बिटकॉइनच्या भाषेंतील नवे शब्द

पूर्वीं पेढ्यांवर हुंडी लिहिण्याचें काम मोठ्या सावधगिरीनें चालत असे. रक्कम अंकांत लिहावयाची, अक्षरांत लिहावयाची, आणि तेवढ्यावर समाधान न मानतां ‘निमे रुपये पन्नास, त्यांची दुप्पट शंभर’ अशीहि खूण घालावयाची. म्हणजे एखाद्या हातचलाख माणसाला एक शून्य वाढवितां येऊं नये. परंतु रकमेइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे हुंडीची अट. दर्शनी हुंडी दाखवितांच पैसे मिळत. मुदती हुंडीला ठरलेले दिवस भरावे लागत. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारांत पत असलेल्या गृहस्थासच देतां येत. आणि जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोंचला तरच देणें लागत. एकेका शब्दांत केवढा व्यवहार बांधलेला असे! ह्या शब्दांचा संपूर्ण अर्थ मात्र हुंडीवर लिहिलेला नसे. तो बाजाराच्या रिवाजांत होता, मुनिमाच्या डोक्यांत होता, आणि वाद पडलाच तर पंचांच्या निवाड्यांत होता.

मुनीम, पंच आणि रिवाज हे तिन्ही काढून टाकले व केवळ शब्द तेवढे ठेवले, तर पैशाचा व्यवहार चालेल काय? ३ जानेवारी २००९ रोजीं सुरू झालेलें बिटकॉइन हें चलन म्हणजे ह्या प्रश्नाला दिलेलें एक धीट उत्तर आहे. सातोशी नाकामोतो ह्या टोपणनांवानें वावरणाऱ्या व्यक्तीनें, किंवा व्यक्तींनीं, त्याची योजना ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं प्रसिद्ध केली. ह्या चलनाला टांकसाळ नाहीं, मध्यवर्ती बँक नाहीं, आणि तक्रार ऐकून घेणारा अधिकारीहि नाहीं. जगभर पसरलेलीं हजारों संगणकयंत्रें एकाच वहीची प्रत आपापल्यापाशीं ठेवतात. सुमारें दर दहा मिनिटांनीं तिला व्यवहारांचें एक नवें पान जोडलें जातें, त्याला ब्लॉक म्हणतात. आणि प्रत्येक पान प्रत्येक यंत्र स्वतः तपासून घेतें. पान जोडण्याचा मान व त्याचें बक्षीस मिळविण्यासाठीं जे झटतात त्यांना मायनर असें नांव आहे. परंतु मायनरनें जोडलेलें पान नियमाबाहेर असेल, तर इतर यंत्रें तें बाजूस सारतात.

ह्या वहींत ‘अमक्याच्या नांवें इतके’ अशी नोंद नसते. नोंद असते ती रकमेची, आणि ती रक्कम कोणत्या अटीवर सुटेल त्या अटीची. अट लिहिण्याची जी भाषा तिला स्क्रिप्ट म्हणतात. तिचें काम नाण्यांच्या चळतीसारखें चालतें. जें शेवटीं ठेवलें तें प्रथम उचलावयाचें. बिटकॉइनच्या आरंभींच्या काळापासून रूढ असलेली एक साधी अट पाहिली म्हणजे हें ध्यानांत येईल. पैसे खर्च करूं पाहणारा मनुष्य चळतीवर प्रथम आपली सही ठेवतो व तिच्यावर आपली जाहीर किल्ली ठेवतो. मग अटींतील शब्द एकामागून एक हुकूम सोडूं लागतात. पहिला म्हणतो, वरच्या वस्तूची नक्कल करा. दुसरा म्हणतो, त्या नकलेचा ठसा काढा. ठसा म्हणजे कितीहि मोठ्या मजकुरावरून गणितानें काढलेली ठराविक लांबीची खूण. मजकुरांत एक अक्षर बदललें तरी ठसा साफ बदलतो, आणि ठशावरून मजकूर मात्र काढतां येत नाहीं. तिसरा शब्द म्हणतो, हा ठसा अटींत लिहिलेल्या ठशाशीं ताडून पहा. शेवटचा शब्द सही आणि किल्ली यांचा मेळ बसतो कीं नाहीं तें तपासतो. सर्व जुळलें तर रक्कम सुटली. एक पायरी चुकली तर ती कुलुपांत राहिली. मग खऱ्या मालकानें कितीहि शपथा वाहिल्या तरी उपयोग नाहीं.

‘अमुक होईपर्यंत हेंच पुनःपुन्हां करीत रहा’ असें म्हणण्याची सोय ह्या भाषेंत मुद्दामच ठेवलेली नाहीं. कारण उघड आहे. लिहिणारा एक, परंतु तपासणारीं यंत्रें हजारों. एकानें न संपणारी अट लिहिली तर सर्वांना ती वाचीत बसावें लागेल. म्हणून ह्या भाषेचें दारिद्र्य हा तिचा दोष नसून तिचें संरक्षण आहे, असें तिचे पुरस्कर्ते सांगतात. असें असूनहि तिच्यांत आणखी कांहीं शब्द घालावे अशी मागणी गेलीं कित्येक वर्षें चालू आहे, आणि ती करणारे लोक उथळ नाहींत. त्यांची मागणी कशी तोलून पहावी, हाच येथें प्रश्न आहे.

प्रारंभीं ही भाषा आजच्यापेक्षां संपन्न होती. तींत गुणाकार होता, भागाकार होता, मजकुराचा तुकडा कापण्याची आणि दोन तुकडे जोडण्याची सोय होती. जुलै २०१० मध्यें एक भयंकर दोष उघडकीस आला: ‘रिटर्न’ ह्या एका शब्दाच्या चुकीच्या हाताळणीमुळें कोणालाहि कोणाचीहि रक्कम सोडवून नेतां आली असती. तो दोष वेळींच दुरुस्त झाला. आणखी एका शब्दानें तपासणारें यंत्रच कोलमडूं शके. ऑगस्ट २०१० मध्यें सातोशीनें पंधरा शब्द एकदम बंद करून टाकले. त्यांत तुकडे जोडणारा ‘कॅट’ हा शब्द होता. त्याची भीति बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या गोष्टीसारखी होती. एक अक्षर घ्यावें, त्याची नक्कल करावी, दोन्ही जोडावींत. पुनः नक्कल, पुनः जोडणी. लांबीला मर्यादा नसेल तर चाळीस वेळां असें केल्यावर १,०९,९५१ कोटींहून अधिक अक्षरांचा डोंगर उभा राहतो, आणि तेवढा मजकूर सांठविण्यास कोणत्याहि घरगुती यंत्राची स्मरणशक्ति पुरणार नाहीं.

त्याच महिन्यांत, १५ ऑगस्ट रोजीं, आणखी एक प्रकार घडला. ७४६३८ क्रमांकाच्या ब्लॉकांत कोणीएकानें सुमारें १८,४४६ कोटी बिटकॉइन शून्यांतून निर्माण केले. ह्या चलनाची एकंदर मर्यादाच मुळीं २ कोटी १० लाखांची! हा दोष स्क्रिप्टचा नव्हता, साध्या बेरजेचा होता. आंकडा यंत्राच्या मापाबाहेर गेला आणि यंत्राला तो लहानसा भासला. कांहीं तासांतच नवा कार्यक्रम निघाला, तो लोकांनीं चालविला, आणि तें पान मागें पडलें. त्या काळीं हें शक्य झालें, कारण व्यवहार थोडा, माणसें थोडीं, आणि सातोशी स्वतः हजर होता.

आज तो उपाय चालणार नाहीं, आणि म्हणूनच नव्या शब्दांचा प्रश्न कठीण झाला आहे. भाषेंत दहा शब्द असे ठेवलेले होते कीं ज्यांचा अर्थ ‘कांहींहि करूं नका’ एवढाच. पुढें त्यांपैकीं दोघांना खरें काम देण्यांत आलें: डिसेंबर २०१५ मध्यें एकाला ‘अमुक तारखेपूर्वीं ही रक्कम सोडूं नये’ असें, आणि जुलै २०१६ मध्यें दुसऱ्याला ‘अमुक इतका काळ लोटल्याखेरीज सोडूं नये’ असें. ह्यांतील खुबी अशी कीं, जुनें यंत्र त्या शब्दावरून ‘कांहीं करावयाचें नाहीं’ असें समजून पुढें जातें, नवें यंत्र जास्त कडक तपासणी करतें, आणि दोघांची वही एकच राहते. ह्या पद्धतीला सॉफ्ट फोर्क म्हणतात. परंतु एकदां लोकांनीं नव्या शब्दावर विसंबून आपली रक्कम कुलुपांत घातली, म्हणजे तो शब्द पुनः निरर्थक करतां येत नाहीं. केला तर कुलूपच नाहींसें होतें, आणि ज्या रकमेला दुसरें कुलूप नसेल ती वाटेवर उघडी पडते. सरकारचा कायदा चुकला तर पुढच्या अधिवेशनांत तो बदलतां येतो. येथें शब्द दिला तो दिला.

सध्यांच्या वादांत ज्याची चर्चा दीर्घकाळ चालली आहे तो शब्द म्हणजे ‘चेक-टेम्प्लेट-व्हेरिफाय’. जेरेमी रुबिन ह्यांनीं तो २०२० च्या आरंभीं मांडला. सुधारणा-प्रस्तावांत त्याचा क्रमांक ११९ आहे, आणि त्यासाठीं दहा रिकाम्या शब्दांतील चौथा मागितला आहे. आजवरच्या अटी ‘कोण’ आणि ‘केव्हां’ एवढेंच विचारीत आल्या: सही कोणाची आहे, मुदत भरली काय. रक्कम सुटल्यावर ती कोठें जावी ह्याच्याशीं अटीला कर्तव्य नसे. टेम्प्लेट हा शब्द ‘कोठें’ हा तिसरा प्रश्न विचारतो. अटींत एक ठसा लिहून ठेवावयाचा. आणि रक्कम सोडवितांना जो व्यवहार होईल त्याचा मसुदा, म्हणजे किती रक्कम, किती वांटण्या, कोणाला, किती मुदतीनें, हा त्या ठशाशीं तंतोतंत जुळला पाहिजे. न जुळला तर व्यवहार रद्द. अशा बंधनाला कव्हेनंट म्हणतात.

ह्याचा उपयोग काय? समजा, एखाद्या कुटुंबाची आयुष्याची पुंजी ह्या चलनांत आहे. किल्ली चोरीस गेली तर क्षणांत सर्व गेलें. बँकेला फोन करून खातें गोठवितां येत नाहीं. टेम्प्लेटच्या साहाय्यानें पुंजीला दोन दरवाजे करतां येतात. पहिला दरवाजा उघडला तरी रक्कम बाहेर न पडतां एका दालनांत येऊन थांबते. तेथें १४४ ब्लॉक, म्हणजे सुमारें एक दिवस, तिला मुक्काम करावाच लागतो. तेवढ्या अवधींत मालकाच्या ध्यानांत आलें कीं, हें आपण केलेलें नाहीं, तर दुसऱ्या, दूर ठेवलेल्या किल्लीनें तो ती रक्कम सुरक्षित जागीं ओढून घेतो. चोराला किल्ली मिळूनहि हात चोळीत बसावें लागतें. अशी तिजोरी आजहि करतां येते, पण ती ओबडधोबड आहे: पुढचे व्यवहार आधींच सही करून ठेवावयाचे आणि मग ती सही करणारी किल्ली नष्ट करावयाची. किल्ली खरोखर नष्ट झाली हें सिद्ध कसें करावें? आणि सही केलेले ते कागद हरवले तर? नव्या शब्दामुळें ह्या दोन्ही काळज्या मिटतात, कारण बंधन माणसाच्या वचनावर न राहतां वहीच्या नियमावर राहतें.

तथापि ह्या शब्दाला ताठरपणाचा दोष आहे. मसुद्यांत दहा नाण्यांचा हिशेब धरला असेल आणि कुलुपांत कोणी नऊच घातलीं, तर दुसरी वाट राखून ठेवलेली नसल्यास तीं नऊ कायमचीं अडकून पडतात. दरवाजा उघडल्यावर रक्कम कोणाकडे न्यावयाची हेंहि, निराळी सोय केली नाहीं तर, आधींच ठरवून ठेवावें लागतें. जेम्स ओबर्न ह्यांनीं २०२३ मध्यें ‘व्हॉल्ट’ नांवाचा निराळा शब्द सुचविला तो हीच अडचण दूर करण्यासाठीं. पण तो शब्द बराच अवजड होता. टेम्प्लेटचा मोठा गुण त्याच्या ताठरपणांतच आहे. ठशाच्या पोटांत तोच ठसा घालतां येत नाहीं. म्हणून ह्या शब्दानें बांधलेली साखळी कितीहि लांब असली तरी तिची प्रत्येक कडी आधीं मोजून ठेवावी लागते, आणि शेवटची कडी येतेच. काय होऊं शकतें हें लिहून संपवितां येतें. परीक्षकाच्या दृष्टीनें ह्याचें मोल फार आहे.

कव्हेनंटविषयीं सर्वांत गंभीर आक्षेप गणिताचा नसून मालकीचा आहे. नाण्यावर बंधन घालतां आलें, आणि तें बंधन पुढच्या, त्याच्याहि पुढच्या नाण्यावर चढत गेलें, तर नाणें तें नाणें राहील काय? महाराष्ट्रांतील वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचें कारण नाहीं. देवस्थान इनामाची जमीन विकतां येत नाहीं. वहिवाटदार बदलतात, पिढ्या बदलतात, बंधन जमिनीबरोबर चालत राहतें. उलट, १८८२ च्या मालमत्ता-हस्तांतर कायद्याचें दहावें कलम सांगतें कीं, मालमत्ता देतांना ‘ही कधींहि दुसऱ्यास देऊं नये’ अशी सरसकट अट घातली तर, कांहीं अपवाद सोडून, ती अट रद्दबातल समजावी. आणि चौदावें कलम अशा बंधनांना काळाची मर्यादा घालतें. मयताच्या इच्छेनें पुढच्या पिढ्यांचे हात अनंत काळ बांधूं नयेत, हें तत्त्व न्यायशास्त्रानें फार अनुभवानें मिळविलें आहे. बिटकॉइनच्या वहीपुढें हें कलम दाखवून उपयोग नाहीं. तेथें रद्दबातल ठरविणारा न्यायाधीशच नाहीं. उद्यां एखाद्या सत्तेनें ‘आमच्या यादींतील लोकांनाच हें नाणें द्यावें’ अशी अट नाण्याला कायमची जोडली तर काय, ही भीति त्यांतूनच आली आहे.

ह्यावर पुरस्कर्त्यांचें उत्तर असें: पैसे कोणत्या अटीच्या कुलुपांत घ्यावयाचे हें घेणाराच ठरवितो, दुसऱ्याच्या नाण्यावर परस्पर बंधन घालतां येत नाहीं. शिवाय सत्तेला असेंच करावयाचें असेल तर आजच तिला मार्ग आहे. दोघांच्या सह्या लागतील अशी अट घालून दुसरी सही सरकारी कचेरीची ठेवावी, म्हणजे झालें. नवा शब्द कशाला हवा? हें उत्तर बिनतोड नसलें तरी भक्कम आहे. टेम्प्लेटपुरता तर हा आक्षेप जवळजवळ निकालांत निघतो, कारण त्याची साखळी अनंत होऊंच शकत नाहीं.

‘कॅट’ची गोष्ट निराळी. २०१० मध्यें बंद झालेला हाच शब्द पुनः चालू करावा असा प्रस्ताव ईथन हाइलमन आणि आर्मिन साबुरी ह्यांनीं मांडला, आणि २०२४ मध्यें त्याला ३४७ हा क्रमांक मिळाला. आतां चळतीवरील कोणत्याहि वस्तूची लांबी ५२० बाइटांपलीकडे जाऊं द्यावयाची नाहीं असा नियम आहे. त्यामुळें धान्याच्या डोंगराची भीति उरलेली नाहीं. शब्द इतका साधा कीं, कार्यक्रमाच्या थोड्याच ओळींत बसतो: दोन वस्तु उचला, जोडा, परत ठेवा. एवढ्याशा शब्दाला हरकत कसली?

हरकत अशी कीं, शब्दाचा आकार आणि त्याचा पल्ला यांचा कांहींएक संबंध नसतो. अँड्र्यू पोल्स्ट्रा ह्या गणितज्ञानें २०२१ मध्यें दाखवून दिलें कीं, जोडणीची सोय मिळाली तर नव्या पद्धतीच्या सहीचा उपयोग करून व्यवहाराचे सर्व तपशील चळतीवर आणतां येतात. तुकडे जोडून व्यवहाराचा मजकूर चळतीवरच रचावयाचा, त्याचा ठसा काढावयाचा, आणि सही तपासणाऱ्या जुन्याच शब्दाकडून तो खऱ्या व्यवहाराशीं ताडून घ्यावयाचा. म्हणजे ‘कोठें’ हा प्रश्न विचारणारा एकहि शब्द न घालतां तो प्रश्न विचारतां येऊं लागला! आणि ह्या बंधनाची साखळी मोजलेली नाहीं. ती स्वतःलाच पुढें जन्म देत राहूं शकते. ‘कॅट’चे फायदेहि त्याच मानानें विस्तृत आहेत. तिजोऱ्या, दोनदां वचन देणाऱ्या लबाडाला दंड करणारे करार, आणि क्वांटम संगणकापुढेंहि टिकाव धरतील अशा लॅम्पोर्ट पद्धतीच्या सह्या, हें सर्व त्यांतून रचतां येतें. परंतु काय काय रचतां येईल ह्याची यादी पुरी करतां येत नाहीं, आणि नेमकें तेंच त्याच्या परीक्षकाचें दुःख आहे. टेम्प्लेटला दहा अटी आहेत म्हणून तो कळतो. ‘कॅट’ला एकहि नाहीं म्हणून तो कळत नाहीं.

ह्या दुःखाला काल्पनिक म्हणतां येत नाहीं. १४ नोव्हेंबर २०२१ रोजीं टॅपरूट नांवाची सुधारणा अमलांत आली. तिची परीक्षा अनेक वर्षें झाली होती, आणि नव्या सह्या, अधिक गुप्तता, हे तिचे हेतु उत्तम होते. तिच्यांत एक बारीकशी तरतूद अशी होती कीं, नव्या पद्धतीच्या स्क्रिप्टला पूर्वीची १०,००० बाइटांची मर्यादा राहणार नाहीं. जानेवारी २०२३ मध्यें ऑर्डिनल्स हा प्रकार निघाला आणि लोक स्क्रिप्टच्या पोटांत चित्रें घालूं लागले. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं तर जवळजवळ चार मेगाबाइटांचें अख्खें पान एका चित्रानें भरलें. मे २०२३ मध्यें अशाच व्यवहारांची इतकी गर्दी झाली कीं, कांहीं ब्लॉकांत शुल्काची रक्कम ६.२५ बिटकॉइनच्या ठराविक बक्षिसाहूनहि अधिक भरली. कोणाचें नाणें चोरीस गेलें नाहीं, कोणताहि नियम मोडला नाहीं. पण साधा पैसा धाडणाऱ्या माणसाला दाम जास्त मोजावा लागला. चित्रें घालावीं कीं घालूं नयेत हा वाद बाजूस ठेवला तरी, तज्ज्ञांच्या कसून परीक्षेंतून हा परिणाम निसटला, एवढी गोष्ट उरतेच.

अधिक बोलक्या भाषेचा अनुभव दुसऱ्या एका चलनाला आला आहे. जुलै २०१५ मध्यें सुरू झालेल्या इथेरियमची भाषा जाणूनबुजून मोकळी ठेवलेली होती. तिच्यांत लिहिलेल्या ‘डाओ’ नांवाच्या सामायिक निधींतून १७ जून २०१६ रोजीं सुमारें ३६ लाख इथर काढून घेतले गेले. चूक कशी, तर खात्यांत नांवें टाकण्यापूर्वींच रक्कम हातावर ठेवण्याची. पेढीवरील पोऱ्यालाहि जी कानउघाडणी पहिल्या दिवशीं मिळत असे, ती. शेवटीं २० जुलै रोजीं वहीच फिरविण्यांत आली, आणि ज्यांना तें पटलें नाहीं त्यांनीं जुनी वही इथेरियम क्लासिक ह्या नांवानें पुढें चालविली. भाषा निर्दोष होती. तिच्यांत लिहिणारा चुकला. परंतु मोकळ्या भाषेंत चुकावयास जागा अधिक असते, हेंहि तितकेंच खरें. बिटकॉइनमध्यें आणखी एक धास्ती बोलून दाखविली जाते: सट्ट्याचे गुंतागुंतीचे करार वाढले म्हणजे व्यवहार कोणत्या क्रमानें पानावर चढवावे ह्यांतच मायनरला नफा दिसूं लागतो. तो नफा मोठ्या भांडवलवाल्यांच्या हातीं पडतो, आणि पान जोडण्याचें काम थोडक्यांच्या मुठींत जातें.

तर मग कांहींच करूं नये, हा शहाणपणा काय? तसें म्हणणें सोपें आहे, आणि म्हणूनच त्याची किंमत सहसा कोणी मोजीत नाहीं. माउंट गॉक्स ही टोकियोंतील पेढी फेब्रुवारी २०१४ मध्यें बुडाली, तेव्हां सुमारें साडेआठ लाख बिटकॉइनचा पत्ता नव्हता. पुढें त्यांतील दोन लाख सांपडले. आपली किल्ली आपण सांभाळणें भयावह वाटतें, म्हणून लोक ती दुसऱ्याच्या हवालीं करतात. आणि मग जी विश्वासाची गरज काढून टाकण्यासाठीं हें सारें उभारलें, तीच मागील दारानें परत येते. चांगली तिजोरी घरच्या घरीं करतां आली तर अशा पेढ्यांकडे जाणाऱ्यांची संख्या घटेल. नकाराच्या पारड्यांतहि लोकांची पुंजी आहे, हें विसरून केलेली परीक्षा एकांगी होते.

ह्या सर्वांचा विचार करतां टेम्प्लेटच्या बाजूचें पारडें जड दिसतें. त्याचे फायदे बेताचे असतील, पण त्याचे परिणाम मोजलेले आहेत. ‘कॅट’बद्दल तसें म्हणवत नाहीं. रस्टी रसेल ह्यांनीं २०१० च्या पंधरा शब्दांपैकीं बहुतेकांना परत आणण्याची जी योजना मांडली, तींत प्रत्येक आज्ञेच्या श्रमाचा हिशेब ठेवून एकंदर श्रमाला मर्यादा घालण्याची कल्पना आहे. तिनें यंत्रावरील भाराची काळजी मिटेल. अर्थाची काळजी त्यानें मिटत नाहीं.

निर्णय कोणी करावयाचा, हें तर सर्वांहून विचित्र. येथें मंत्री नाहीं, संचालक मंडळ नाहीं, मतपेटीहि नाहीं. टॅपरूटच्या वेळीं २०१६ ब्लॉकांच्या एका मुदतींत शेंकडा ९० ब्लॉकांनीं तयारी दर्शवावी असें ठरलें होतें, आणि जून २०२१ मध्यें तसें झालें. परंतु मायनरची तयारी म्हणजे लोकांची संमति नव्हे. एप्रिल २०२२ मध्यें रुबिन ह्यांनीं त्याच धर्तीवर टेम्प्लेट अमलांत आणण्याचा बेत जाहीर केला, तेव्हां शब्दाला विरोध नसलेल्या कित्येकांनीं घाईला विरोध केला, आणि बेत बारगळला. त्यानंतर वाद थांबला नाहीं, पण त्याचें स्वरूप पालटलें. सिग्नेट नांवाच्या सरावाच्या वहींत टेम्प्लेट आणि ‘कॅट’ हे दोन्ही शब्द चालू करून पाहण्यांत आले. तेथील नाण्यांना किंमत नसल्यामुळें यंत्र बरोबर चालतें कीं नाहीं हें कळतें. चोराची बुद्धि कोठवर धांवेल हें कळत नाहीं. किंमत असलेल्या नाण्यांवर ‘कॅट’चा अनुभव पहावयाचा तर मे २०१८ पासून तो शब्द चालविणारें बिटकॉइन कॅश आहे, लिक्विड नांवाची जोडवही आहे, दोन्ही मूळ वहीच्या मानानें लहान. जून २०२५ मध्यें बऱ्याच विकासकांनीं एक जाहीर पत्र काढून टेम्प्लेट, आणि त्याच्या जोडीला चळतीवरील कोणत्याहि मजकुराची सही तपासणारा ३४८ क्रमांकाचा शब्द, ह्या दोहोंची परीक्षा आणि कार्यक्रमांतील समावेश ह्यांना सहा महिन्यांत अग्रक्रम द्यावा अशी विनंति केली. पत्रांत मुदत होती ती परीक्षेची आणि समावेशाची; अमलाची तारीख त्यांत घातलेली नव्हती.